खरी स्फूर्ति आणि उसनी स्फूर्ति

स्वप्नांत दृष्टांत झाला असें सांगणारांची आपल्या महाराष्ट्रांत कधींच वाण पडली नाहीं. कोणास देव दिसतो, कोणास गुरु मंत्र देतो, कोणाच्या मुखानें एखादा गतकालीन संत बोलूं लागतो; आणि पाहतां पाहतां त्याच्या भोंवतीं मठ, गादी व दक्षिणेची पेटी उभी राहते. कोणीं शंका काढलीच, तर उत्तर तयार असतें : तुकोबांनाही स्वप्नांतच उपदेश झाला ना? हा प्रश्न हंसून उडवून लावण्यासारखा नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून ज्यांच्या नांवाची ही ढाल पुढें केली जाते, त्या देहूच्या तुकारामबोवांचें चरित्रच आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तुकोबांचें जन्मवर्ष सामान्यतः इ. स. १६०८ मानलें जातें. वडील बोल्होबा, आई कनकाई. घराण्यांत विठ्ठलाची भक्ति पिढीजात, आणि व्यापार व सावकारीही चालत आलेली. थोरले बंधु सावजी यांचें मन प्रपंचांत नव्हतें. त्यामुळें संसाराचा भार लहान वयांतच तुकोबांवर पडला. आईबाप निवर्तले, आणि १६३० च्या सुमारास दख्खनेंत पडलेल्या भयंकर दुष्काळानें घराची राखरांगोळी केली. पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला, धंद्याचें दिवाळें वाजलें व चार लोकांत तोंड दाखविण्याची सोय उरली नाहीं. परंपरा सांगते कीं, पुढें त्यांनीं घरचीं येण्याचीं खतें काढून निम्मीं धाकटे बंधु कान्होबा यांस दिलीं व आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत सोडलीं.

यानंतरची हकीकत तुकोबांनीं स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगांत सांगितली आहे, व तींतील क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. पडक्या देवळाची डागडुजी प्रथम केली. एकादशीस कीर्तन करूं लागले, पण आरंभीं अभ्यासांत चित्त नव्हतें हेंही ते लपवीत नाहींत. मग संतांचीं वचनें आदरानें पाठ केलीं. पुढें उभा राहून दुसरा गात असे, आणि हे मागें उभे राहून ध्रुपद धरीत. शरीर कष्टवून जो परोपकार घडला तो केला. सत्यासत्याचा निवाडा बहुमतावर न सोंपवितां स्वतःच्या मनास साक्षी ठेवून केला. इतकें सर्व झाल्यावर स्वप्नांतील गुरूपदेश येतो, आणि त्याच्याही मागून कवित्वाची स्फूर्ति येते. दुसऱ्या एका अभंगांत नामदेवराय पांडुरंगास बरोबर घेऊन स्वप्नांत आले व अभंगांची अपुरी राहिलेली संख्या पुरी करण्याचें काम सांगून गेले, असें ते म्हणतात. वाचकहो, या स्वप्नानें तुकोबांस गादी दिली नाहीं, काम दिलें. तें काम त्यांनीं १६५० मध्यें देह ठेवीपर्यंत केलें.

त्या कामाची परीक्षाही कडक झाली. शूद्राच्या वाणींतून वेदार्थ प्रकट होतो, हें वाघोलीच्या रामेश्वरभट्टांस खपलें नाहीं. निषेध झाला, आणि अभंगांच्या वह्या तुकोबांस आपल्या हातानें इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते अन्नपाण्यावांचून धरणें धरून बसले. वह्या कोरड्या वर आल्या असें भाविक मानतात. आम्हांस त्या चमत्काराचा आग्रह नाहीं. आम्हांस थोर वाटतात ते ते तेरा दिवस. आपली वाणी देवाची कीं केवळ आपल्या मनाचा खेळ, हा संशय त्यांनीं दुसऱ्यावर दडपला नाहीं. स्वतःचा जीव पणास लावून तो सोसला. जे अभंग लोकांच्या कंठीं बसले होते ते बुडविण्याचें सामर्थ्य कोणत्याही नदींत नव्हतें. पुढें खुद्द रामेश्वरभट्ट त्यांचे भक्त झाले, आणि बहिणाबाईंसारख्या ब्राह्मण स्त्रीनें घरचा छळ सोसून त्यांस गुरु मानलें.

आतां नकलेकडे वळूं. आजवर चाललेला हा प्रकार तुकोबांच्या हयातींतच सुरू झाला होता. सालोमालो हें नांव १९३६ च्या प्रभातच्या बोलपटामुळें घरोघर पोंचलें. परंतु तें कथाकारानें रचलेलें नव्हे, तुकोबांच्या अभंगांतच तें आहे. हरिदास म्हणवून घेणारे हे लोक संतांचीं वचनें मोडून स्वतःचे दागिने घडवितात, दुसऱ्याचें तें आपलें म्हणतात, अशी त्यांची तक्रार आहे. हरिकथेसाठीं पैसा देणारा व घेणारा या दोघांसही त्यांनीं अधोगतीचे धनी ठरविलें आहे.

येथें एक आक्षेप येईल : तुकोबांनींही पूर्वसूरींचेंच पाठांतर केलें, मग तीही नक्कलच नव्हे काय? नव्हे. दुसऱ्यापासून शिकणें हा दोष नाहीं; शिकलेलें लपवून तें आकाशांतून पडलें असें भासविणें हा दोष आहे. तुकोबांनीं आपलें ऋण उघड सांगितलें, आणि वाणीचें श्रेय मात्र स्वतःकडे घेतलें नाहीं. नकली साधूचा व्यवहार नेमका उलटा असतो : तो ऋण झांकतो आणि श्रेयावर कर बसवितो.

चमत्काराच्या नांवाखालीं लोकांस फसविणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१३ सालीं कायदा झाला, हें योग्यच झालें. परंतु कायदा फसवणुकीचा गुन्हा पकडील. भोळेपणाची संवय तो कशी मोडील? ती मोडण्याचें काम ज्याच्या त्याच्या विवेकाचें आहे. तेव्हां यापुढें कोणी दृष्टांताची कथा सांगूं लागला, तर स्वप्न खरें कीं खोटें या वादांत वाचकांनीं शिरूं नये. त्या स्वप्नापूर्वीं त्यानें किती वर्षें दुसऱ्याच्या मागें उभें राहून ध्रुपद धरलें, आणि त्या स्वप्नानंतर त्याच्या घरांत काय आलें व घरांतून काय गेलें, एवढेंच विचारावें. तुकोबांच्या घरांतून खतें गेलीं, आणि महाराष्ट्राच्या घरांत गाथा आली. हा हिशेब ज्यास दाखवितां येत नाहीं, त्यानें निदान तुकोबांच्या नांवाची ढाल पुढें करूं नये.