लू गेरिग : इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलेला फलंदाज

कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनी येणार असली की आपल्याला आठ दिवस आधी नोटीस लागते. इस्त्री, टाय, बायोडेटा, सगळी तयारी होते. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांचंही सिलेक्शन होतं, पण तिथे बघणारा माणूस न सांगता येतो, कडेला बसतो, वहीत काहीतरी लिहितो आणि निघून जातो! त्याला स्काउट म्हणतात. अशाच एका स्काउटने हेरलेल्या मुलाची ही गोष्ट. तो मुलगा कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि त्याने इंजिनिअर व्हावं अशी त्याच्या आईची फार इच्छा होती.

हेन्री लुई गेरिग, म्हणजेच लू, १९ जून १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आईवडील जर्मनीहून आलेले, गरीब. चार मुलांपैकी हा एकटाच जगला. वडिलांना काम कधी असायचं, कधी नसायचं. आई लोकांकडे स्वयंपाक करायची, कपडे धुवायची. पुढे कोलंबियातल्या मुलांच्याच एका हाउसमध्ये ती स्वयंपाकीण होती. विचार करा, आपल्या मेसमध्ये आपलीच आई! लूला त्याची लाज वाटली नाही, उलट तो तिला मदत करायचा.

कोलंबियात तो फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर आला. पण त्याआधी, १९२१ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी त्याला ट्रायलला बघितलं होतं. लूने चेंडू लांब लांब मारले, पण फिल्डिंगला उभा केल्यावर साधा चेंडू पायातून सोडला, आणि मॅकग्रॉचा इंटरेस्ट संपला. मग लू हार्टफर्डच्या टीमकडून खोट्या नावाने १२ मॅचेस खेळला. पैसे घेऊन खेळलेल्याला कॉलेजकडून खेळता येत नसे, त्यामुळे हे उघड झाल्यावर त्याच्यावर वर्षभर बंदी आली.

आता मुख्य गोष्ट. २६ एप्रिल १९२३ ला यांकीज टीमचा स्काउट पॉल क्रिचेल कोलंबिया विरुद्ध रटगर्स ही मॅच बघायला गेला. लूने दोन होमरन मारले. (होमरन म्हणजे साधारण आपला सिक्सर, पण बेसबॉलमध्ये तो रोज उठून बसत नाही.) क्रिचेल स्वतः मोठ्या लीगमध्ये खेळलेला. पण त्याने लगेच कागद पुढे केला नाही. मला वाटतं त्याची खरी हुशारी इथेच आहे. कॉलेजच्या मुलाने कॉलेजच्या बोलरला (तिकडे पिचर म्हणतात) धुतलं तर त्यावरून काय समजणार? बोलर कच्चा असेल, मैदान लहान असेल, तो दिवसच चांगला असेल. आपल्या गल्लीत सेंच्युरी मारणारे किती जण रणजीला पोचतात? म्हणून स्काउट नुसते रन मोजत नाही. बॅट किती जोरात फिरते, पाय कुठे असतात, वाईट चेंडू सोडून देतो का, अंग अजून भरणार आहे का, आणि बॅटिंग थंडावली तर फिल्डिंगला कुठे उभा करता येईल, हे सगळं तो बघतो. आता तर कॉलेजमध्ये धातूची बॅट चालते आणि प्रोफेशनलमध्ये फक्त लाकडाची, म्हणजे गुणाकार-भागाकार आणखी वाढले!

क्रिचेल दोन दिवसांनी पुन्हा आला. या वेळी मॅच कोलंबियाच्या आवारातच, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीविरुद्ध होती. लूने असा काही फटका मारला की चेंडू मैदान ओलांडून पार बाहेर गेला. आता मात्र शंका राहिली नाही. दुसरा बेब रूथ सापडला, असं त्याने यांकीजच्या एड बॅरोना कळवलं. बॅरोंचा विश्वास बसेना, पण एप्रिल संपायच्या आत करार झाला. बोनस १,५०० डॉलर. त्या सीझनमध्ये कॉलेजसाठी लूचं अ‍ॅव्हरेज .४४४ होतं. बेसबॉलमध्ये .३०० वाला चांगला समजतात, यावरून काय ते ओळखा.

तेव्हा ड्राफ्ट नव्हता. ड्राफ्ट म्हणजे सर्व टीम्सनी पाळीपाळीने नवीन मुलं निवडायची, आणि तो १९६५ मध्ये सुरू झाला. त्याआधी जो आधी पोचेल त्याचा खेळाडू. मॅकग्रॉने दोन वर्षं आधी बघूनही सोडलं, क्रिचेलने दोन मॅचेसमध्ये उचललं.

आईला हे अजिबात पटलं नव्हतं. डिग्री सोडून चेंडू मारायचा हा कसला धंदा? पण घरी आजारपण होतं, पैशांची ओढाताण होती, आणि दीड हजार डॉलर ही तिच्यासाठी प्रचंड रक्कम होती. लूने कॉलेज सोडलं. माझ्या मते दुसरा मार्गच नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. आधी हार्टफर्डलाच, पण आता स्वतःच्या नावाने, ५९ मॅचेसमध्ये २४ होमरन. १९२५ च्या जूनपासून यांकीजमध्ये तो जो उभा राहिला, तो सलग २,१३० मॅचेस खेळला. बोटं मोडली, पाठ धरली, तरी खेळला. १९३४ मध्ये लीगमध्ये अ‍ॅव्हरेज, होमरन आणि आरबीआय तिन्हीत पहिला आला. कारकिर्दीत ४९३ होमरन. फिल्डिंगही त्याने घासून घासून सुधारली. बेब रूथच्या सावलीत राहूनही कधी कुरकुर नाही.

१९३९ मध्ये मात्र हातापायातली ताकदच जायला लागली. २ मे ला डेट्रॉइटमध्ये तो स्वतःच मॅनेजरकडे गेला आणि मला बसवा म्हणाला. १९ जूनला, म्हणजे बरोबर छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकने निदान केलं: एएलएस. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात आणि डोकं बहुधा शाबूत राहतं. अमेरिकेत अजूनही हा आजार त्याच्याच नावाने ओळखतात. सलग खेळण्याचा त्याचा विक्रम ५६ वर्षं टिकला, १९९५ मध्ये कॅल रिपकेनने तो मोडला.

खेळ सुटल्यावर लू घरी बसला नाही. न्यूयॉर्कच्या मेयरनी त्याला पॅरोल कमिशनवर नेमलं, आणि हात चालेनासे होईपर्यंत तो ऑफिसला जात राहिला. २ जून १९४१ ला तो गेला, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. आईवडील दोघंही मागे राहिले. वडील १९४६ मध्ये गेले, आई १९५४ मध्ये.