सहा ठिपक्यांचं स्टँडर्ड: लुई ब्रेलची गोष्ट

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी एका फॉर्मवर तीन मस्त आयकॉन टाकले होते: सेव्ह, एडिट आणि डिलीट. क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळीकडे चेक केलं, कुठेच काही तुटत नव्हतं. मग एका अंध टेस्टरने तोच फॉर्म स्क्रीन रीडर लावून उघडला. फोन बोलला: बटण, बटण, बटण. एवढंच! डिलीटचं बटण कोणतं, हे कळायला त्यांना काही मार्गच नव्हता. मी तीन ब्राउझर तपासले होते, वापरणारा माणूस तपासायचा राहिला होता.

त्यानंतर अ‍ॅक्सेसिबिलिटीबद्दल वाचत गेलो आणि २०० वर्षं मागे, लुई ब्रेलपर्यंत पोहोचलो. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण या माणसाने नेमकं काय केलं, हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं.

आरी आणि डोळा

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचं खोगीर आणि साज बनवायचे. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळताना चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याला दिसायचं पूर्ण बंद झालं.

पोरगा हुशार होता. १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत पाठवलं. व्हॅलेंटिन आउई यांनी सुरू केलेल्या या शाळेत पुस्तकं होती, पण कशी? नेहमीचीच अक्षरं कागदावर उठावदार करून छापलेली. ती मोठी, जड आणि वाचायला अतिशय हळू. शिवाय त्या पद्धतीने मुलांना स्वतः काही लिहिता येत नव्हतं. डोळ्यांसाठी बनवलेलं डिझाइन तसंच्या तसं बोटांच्या गळ्यात मारलं होतं.

१२ ठिपके का चालले नाहीत?

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी या शाळेत पोहोचली. ठिपके बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतात, ही तिची मोठी गोष्ट. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे एका चिन्हात १२ ठिपक्यांपर्यंत जागा होती, त्यामुळे ते बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नव्हतं. दुसरी म्हणजे लिपी उच्चारांवर चालायची. त्यामुळे स्पेलिंग नाही, विरामचिन्हं नाहीत.

बारा वर्षांच्या लुईने हे काम हातात घेतलं आणि १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, उत्तर काढलं. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन जागा. एकूण सहा. प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही, म्हणजे आपल्या भाषेत सहा बिट आणि ६४ शक्यता. पूर्ण चिन्ह एका स्पर्शात कळतं. रचनाही लक्षात राहणारी आहे: पहिली दहा अक्षरं वरच्या चार ठिपक्यांत, पुढच्या दहांसाठी त्यालाच खाली डावीकडे एक ठिपका जोडायचा.

१८२९ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपात छापली. त्यात काही चिन्हांत आडव्या रेघाही होत्या. त्या १८३७ च्या आवृत्तीत काढून टाकल्या. व्हर्जन दोन! तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, त्यामुळे संगीतासाठीही चिन्हं केली. १८३९ मध्ये त्याने आणखी एक पद्धत आणली. तिच्यात ठिपक्यांनीच नेहमीच्या अक्षरांचे आकार काढायचे, म्हणजे अंध मुलाने लिहिलेलं पत्र घरच्या डोळस माणसांनाही वाचता येईल. कम्पॅटिबिलिटीचा विचार त्याने तेव्हाच केला होता.

स्टँडर्ड चांगलं, पण मान्यता?

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता. तरी १८४० च्या आसपास नव्या संचालकांनी त्याची लिपी बंद केली. डोळस शिक्षकांना वाचता येईल अशीच अक्षरं त्यांना हवी होती. मुलं मात्र लपूनछपून ठिपकेच वापरत राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा कुठे विरोध मावळला.

लुईला क्षयरोग होता. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना तो गेला. शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. त्याला ते बघायला मिळालं नाही.

पुढे अमेरिकेत तर ठिपक्यांचं युद्धच पेटलं. न्यूयॉर्क पॉइंट, अमेरिकन ब्रेल अशा वेगवेगळ्या पद्धती, आणि एक शिकलेल्याला दुसरीतलं पुस्तक वाचता येईना. ब्राउझरच्या भांडणात वेबसाइट तुटायच्या, तसंच. १९३२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनचं इंग्रजीसाठी एका स्टँडर्डवर एकमत झालं.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं. त्यात मराठी ‘क’, तमिळ ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ या तिघांनाही तेच दोन ठिपके!

आणि तुमच्या फोनमध्ये?

युनिकोडमध्ये ब्रेलची २५६ चिन्हं आहेत, कारण कॉम्प्युटरसाठी सहाचे आठ ठिपके झाले. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये ब्रेल कीबोर्ड आहे: स्क्रीनवर सहा बोटं, सहा ठिपके.

माझा तो फॉर्म दुरुस्त करायला प्रत्येक बटणाला एक ‘एरिया-लेबल’ पुरलं. तीन ओळी, पाच मिनिटं. तुम्ही वेबसाइट बनवत असाल तर आज एकदा टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि आपलंच पेज वापरून बघा. कुठे अडकता ते लिहून ठेवा. कामाला तिथूनच सुरुवात करा.