हवालदाराची एक फेरी १४ मिनिटांची होती, तेवढ्यात खून करून जॅक द रिपर पसार झाला होता

३० सप्टेंबर १८८८. रात्रीचा दीड वाजलेला. लंडनच्या मायटर स्क्वेअर नावाच्या छोट्याशा चौकात एडवर्ड वॉटकिन्स नावाचा हवालदार पट्ट्याला अडकवलेला कंदील घेऊन आला. त्यानं सगळे कोपरे बघितले. कुणीच नव्हतं. तो पुढं निघून गेला.

ठरलेली फेरी मारून तो १ वाजून ४४ मिनिटांनी परत त्याच चौकात आला. आता एका अंधाऱ्या कोपऱ्यात एका बाईचा मृतदेह पडला होता. गळा चिरलेला, पोट फाडलेलं आणि एक मूत्रपिंड काढून नेलेलं.

चौकातल्या गोदामाचा रखवालदार जागा होता आणि तो स्वतः निवृत्त पोलीस होता. चौकातल्याच एका घरात आणखी एक पोलीस झोपलेला होता. तिसरा एक पोलीस त्याच दरम्यान बोळाच्या तोंडापर्यंत येऊन मागं फिरला होता. पण कुणी काही पाहिलं नाही, कुणाला किंकाळी ऐकू आली नाही.

मग खुनी गेला कुठून? १३५ वर्षांहून जास्त काळ झाला, तरी हा प्रश्न लोकांची पाठ सोडत नाही.

फक्त ७० दिवसांचं चरित्र

जॅक द रिपरचं चरित्र लिहायचं म्हटलं तर मोठी अडचण होते. त्याचा जन्म कधी झाला, तो कधी मेला, काय काम करायचा, कशातलंच काही माहीत नाही. नावसुद्धा त्याचं नाही. सप्टेंबर १८८८ च्या शेवटी एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्राखाली ही सही होती आणि ते पत्र कुणा पत्रकारानंच खोटं लिहिलं असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

त्याच्या आयुष्यातले जगाला माहीत असलेले दिवस साधारण ७०. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८. या काळात लंडनच्या ईस्ट एंड भागात मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या पाच जणींचे खून झाले. ते एकाच माणसानं केले असं साधारणपणे मानलं जातं. स्ट्राइडबद्दल मात्र काही अभ्यासकांना शंका आहे.

पहिले चार खून उघड्यावर झाले आणि चारही वेळा कुणीतरी अगदी हाकेच्या अंतरावर होतं.

पोलिसांचं घड्याळच त्याच्या कामी आलं

तेव्हाच्या लंडनमध्ये प्रत्येक हवालदाराला गस्तीचा ठरलेला रस्ता असायचा. ठरलेल्या वेगानं चालायचं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचायचं. हेतू चांगला होता. पोलीस कुठं आहे हे वरिष्ठांना आणि लोकांना कळावं. पण जे लोकांना कळतं ते गुन्हेगारालाही कळतंच की.

निकोल्सचा मृतदेह बक्स रो नावाच्या गल्लीत सापडला. तिथला हवालदार जॉन नील अर्ध्या तासापूर्वीच तिथून गेला होता आणि तेव्हा रस्ता रिकामा होता. मायटर स्क्वेअरमध्ये वॉटकिन्सची फेरी त्याहून छोटी. १ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास तीन माणसांनी चौकाच्या बोळाजवळ एका बाईला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं होतं. ती एडोजच असेल, तर खुन्याच्या हातात दहा मिनिटंही नव्हती.

त्यात फुटपाथवर दणदण वाजणारे बूट आणि लुकलुकणारा कंदील. पोलीस येतोय हे त्याला दिसण्याआधी ऐकू यायचं. मायटर स्क्वेअरला बाहेर पडायला तीन वाटा होत्या. एकीकडून पाऊल वाजलं की दुसरीकडून निघायचं, एवढंच त्याला करायचं होतं.

बग्गी, भुयार की साधी चाल?

रिपर काळ्या बग्गीतून यायचा आणि बग्गीतूनच निघून जायचा ही गोष्ट सिनेमांनी घराघरात पोहोचवली. १९७६ साली स्टीफन नाइट यांच्या पुस्तकानं तर त्यात थेट राजघराण्यालाच गोवलं. कुणी गटारांची भुयारं सांगतं, कुणी भुयारी रेल्वे.

पण बक्स रोचंच उदाहरण घ्या. खुनाच्या जागेसमोर राहणारा एका गोदामाचा व्यवस्थापक त्या रात्री बराच वेळ जागा होता. त्याच्या म्हणण्यानुसार रस्ता नेहमीपेक्षा जास्त शांत होता. दगडी फरसबंदीवरून घोडागाडी गेली असती तर तिचा खडखडाट लपला नसता. गरिबांच्या वस्तीत उंच टोपी आणि झुलता झगा घातलेला श्रीमंत माणूसही लोकांच्या नजरेत भरला असता.

उलट मायटर स्क्वेअरजवळ दिसलेल्या त्या पुरुषाचं वर्णन अगदी साधं आहे. सैल जाकीट, कापडी टोपी, गळ्यात लालसर रुमाल. एखाद्या खलाशासारखा. असे शेकडो लोक त्या भागात रोज फिरायचे.

मग रक्ताचं काय?

इतके भयंकर खून करून माणूस रक्तानं न्हाऊन निघायला हवा, असं वाटणं साहजिक आहे. पण डॉक्टरांच्या तपासणीतून वेगळं चित्र पुढं आलं. चॅपमनच्या चेहऱ्यावर आणि जिभेवर गळा दाबल्याच्या खुणा होत्या. म्हणजे आधी गळा आवळून आवाज बंद करायचा, खाली पाडायचं आणि मग सुरी चालवायची अशी त्याची पद्धत असावी. त्यामुळं किंकाळीही येत नाही आणि रक्त अंगावर उडण्याऐवजी जमिनीवर वाहतं.

हात आणि बाह्या तरी माखल्याच असतील. पण व्हाईटचॅपलमध्ये ते फार विशेष नव्हतं. बक्स रोच्या शेजारच्याच गल्लीत घोड्यांचा कत्तलखाना रात्रभर चालू असायचा. पोलिसांनी या भागातल्या ७६ खाटकांकडं आणि कत्तलखान्यांत चौकशी केली, यावरूनच त्यांची संख्या लक्षात येते.

आणि समजा रक्ताचा डाग सापडला असता, तरी पुढं काय? रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीनं सांगणारी चाचणी १९०१ मध्ये आली. स्कॉटलंड यार्डचा बोटांच्या ठशांचा विभागही १९०१ चाच, आणि त्याची पद्धत कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांच्या मेहनतीतून उभी राहिली होती. १८८८ च्या पोलिसांकडं यातलं काहीच नव्हतं. गुन्हेगार रंगेहाथ पकडायचा, नाहीतर कुणीतरी त्याला ओळखायचं, एवढेच दोन मार्ग.

घराचं दार उघडंच होतं

८ सप्टेंबरला चॅपमनचा खून झाला तो हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घराच्या मागच्या अंगणात. त्या घरात १७ माणसं राहायची. वेगवेगळ्या वेळी कामाला जाणारे भाडेकरू असल्यामुळं पुढचं दार आणि मागं जाणारी वाट उघडीच असायची. वाटेल त्यानं आत यावं, वाटेल त्यानं बाहेर पडावं.

शेजारच्या अंगणात आलेल्या एका माणसाला कुंपणाला काहीतरी धडकल्याचा आवाज आलासुद्धा. पण त्याला कामावर जायचं होतं, तो निघून गेला. तेव्हा उजाडायला लागलं होतं. शनिवार होता, जवळच्या स्पिटलफील्ड्स बाजाराकडं माणसांची ये-जा सुरू झाली होती. खुनी पुढच्या दारानं बाहेर पडला आणि त्या गर्दीत मिसळला असणार.

त्या रात्री तो कुठं गेला, याचा एकच पुरावा

मायटर स्क्वेअरच्या खुनानंतर पहाटे २ वाजून ५५ मिनिटांनी, साधारण अर्धा किलोमीटरवर गोलस्टन स्ट्रीटच्या एका जिन्याच्या दारात रक्तानं भिजलेला कापडाचा तुकडा सापडला. तो एडोजच्याच अ‍ॅप्रनचा होता. म्हणजे खुनी शहराबाहेर पळाला नाही. सगळीकडं धावपळ सुरू असताना तो उलट व्हाईटचॅपलच्या वस्तीकडंच चालत गेला.

मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांच्या हद्दीत आणि गोलस्टन स्ट्रीट मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या. त्या तुकड्याच्या वर भिंतीवर खडूनं ज्यूंबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. दंगल होईल या भीतीनं मेट्रोपॉलिटन पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी फोटो काढण्याआधीच ते पुसायला लावलं. ते खुन्यानंच लिहिलं होतं का, हा वाद आजही मिटलेला नाही.

पण कापडाचा तुकडा एक गोष्ट सांगतो. घर जवळ असल्याशिवाय माणूस अशा रात्री त्या दिशेला जात नाही. १९८८ साली एफबीआयच्या जॉन डग्लस यांनी केलेल्या विश्लेषणातही तो याच भागातला रहिवासी असावा असं म्हटलं गेलं. तेव्हाच्या पोलिसांच्या अंदाजानुसार व्हाईटचॅपलमध्ये २३३ स्वस्त लॉजिंग हाऊस होती आणि त्यांत साडेआठ हजार माणसं झोपायची. रात्री उशिरा कोण आलं आणि पहाटे कोण गेलं, याचा हिशोब ठेवणं सोपं नव्हतं.

शेवटचा खून आणि न आलेले कुत्रे

ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी लंडनच्या बागांमध्ये बर्नाबी आणि बर्गो या दोन ब्लडहाउंड कुत्र्यांची चाचणी घेतली. ९ नोव्हेंबरला भाडं मागायला गेलेल्या माणसाला मेरी केलीचा मृतदेह तिच्या खोलीत दिसला, तेव्हा पोलीस या कुत्र्यांची वाट बघत बंद दाराबाहेर थांबले. दुपारी दीडच्या सुमारास कळलं की कुत्रे येणारच नाहीत. मग दार फोडलं. तोवर खुन्याला कित्येक तास मिळाले होते.

पहाटे चारच्या सुमारास शेजारच्या दोन बायकांना खून झाल्याची आरोळी ऐकू आली होती. पण त्या वस्तीत अशा आरोळ्या नेहमीच्याच. दोघीही उठल्या नाहीत.

पळून जाण्याचं खरं कारण

पोलीस अगदी हातावर हात धरून बसले नव्हते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांनी ८० जणांना ताब्यात घेतलं होतं, ३०० हून जास्त लोकांची माहिती काढली होती आणि ८० हजार पत्रकं वाटली होती. पण ते शोधत होते वेडा, परदेशी किंवा खाटीक दिसणारा माणूस. जो कसाच दिसत नव्हता, तो त्यांच्या शेजारून गेला असेल तरी कळलं नसतं.

निकोल्स आणि चॅपमन या दोघींना त्या रात्री लॉजिंग हाऊसमधून बाहेर पडावं लागलं होतं, कारण पलंगाच्या भाड्याचे पैसे त्यांच्याकडं नव्हते. एडोजला दारूच्या नशेत पकडलं होतं आणि रात्री एक वाजता पोलीस ठाण्यातून सोडून दिलं होतं. पाऊण तासात ती मेलेली होती. अंधारात एकट्या फिरणाऱ्या या बायका कुठं गेल्या, हे विचारणारं त्या क्षणी कुणीच नव्हतं.

पुढं बक्स रोचं नाव बदललं, केली राहायची त्या डॉर्सेट स्ट्रीटचंही बदललं. हॅनबरी स्ट्रीटचं ते घर पाडलं गेलं. जॅक द रिपर कोण होता हे कदाचित कधीच कळणार नाही. पण तो निसटला कसा, याचं उत्तर फारसं गूढ नाही. त्याला बग्गी लागली नाही, भुयारही लागलं नाही. चार पेन्ससाठी रस्त्यावर आलेल्या बाईकडं जिथं कुणी बघत नव्हतं, तिथं तिच्यासोबत चालणाऱ्या माणसाकडं तरी कोण बघणार होतं?