संत गोन्सालो गार्सिया : नकारानंतरची वाट



आपल्या न्हावा-शेव्याची कितीतरी मुले आज बंदरात किंवा जहाजावर कामाला जातात. जिथे आजोबांची शेते होती, तिथे १९८९ पासून बंदर सुरू आहे. त्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात बळी पडले. गेलेली जमीन परत येत नाही. मग आता पुढे काय, हा प्रश्न घरोघर आहे. आपल्या फेब्रुवारीच्या सणाचे संत, वसईचे गोन्सालो गार्सिया, यांच्या आयुष्यातही एक दार असेच कायमचे बंद झाले होते.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांच्या शाळेत ते शिकले आणि कोवळ्या वयातच धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. धर्मशिक्षक म्हणून काम करताना जपानी भाषा त्यांनी आपलीशी केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आस होती. तो मिळाला नाही.

इथे आम्हांला डेन्मार्कचे विचारवंत सोरेन किर्केगार्द (१८१३-१८५५) आठवतात. ते लूथरन होते, पण त्यांचा विचार आपल्याला परका नाही. १८४९ मधल्या एका पुस्तकात त्यांनी म्हटले, की माणसात अनिवार्यता आणि शक्यता दोन्ही असतात. अनिवार्यता म्हणजे जन्म, घराणे, घडून गेलेले सारे. नुसत्या शक्यतेत रमणारा स्वप्नांतच हरवतो. नुसती अनिवार्यता पाहणाऱ्याचा श्वास कोंडतो. परमेश्वराला सर्व शक्य आहे असा विश्वास असेल, तरच तो श्वास मोकळा होतो. हे वाचायला जड वाटते खरे. गोन्सालो यांच्या आयुष्यात मात्र ते सोपे होऊन दिसते.

नकारानंतर ते व्यापारी झाले. धंद्यात जमही बसला. पण ओढ गेली नव्हती. फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून दाखल झाले. नाकारलेला माणूस आणि जपानी बोलणारा माणूस एकच होता, हे आता कामी आले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो सोबत होते. क्योतोत त्यांनी गोरगरिबांची, कुष्ठरोग्यांची सेवा केली.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. माल जप्त झाला, परदेशी धर्मगुरूंविषयी संशय भडकला आणि त्याच वर्षी फ्रान्सिस्कनांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत, त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेले. निघताना चोवीस होते, वाटेत आणखी दोघे मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या सव्वीस जणांना क्रुसावर भाल्यांनी मारण्यात आले. गोन्सालो क्रुसावरूनही जमलेल्या लोकांशी जपानीत बोलत होते, असे सांगतात.

पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी सर्वांना संतपद दिले. गोन्सालो यांना धर्मगुरुपद कधीच मिळाले नाही. पण त्या टेकडीवरच्या क्रुसांच्या रांगेत तीन येशूसंघीय होते, आणि त्याच रांगेत वसईचे गोन्सालोही होते.