पोलादी चॅन्सेलर आणि म्हातारपणीची पेन्शन

शाळेच्या पुस्तकात बिस्मार्क मला भेटला तो लढाया जिंकून जर्मनी एक करणारा, भरघोस मिशांचा करारी मुत्सद्दी म्हणून. पण पेन्शनीसाठी बँकेत लागलेली रांग पाहिली की मला आठवतो तो दुसराच बिस्मार्क.

1 एप्रिल 1815 रोजी श्योनहाउझेनच्या जमीनदार घराण्यात त्याचा जन्म झाला. 1862 मध्ये तो प्रशियाचा पंतप्रधान झाला आणि 1871 मध्ये एकसंध जर्मनीचा चॅन्सेलर. लोकशाहीवर त्याची काडीची श्रद्धा नव्हती. तरीही संसदेसाठी 25 वर्षांवरील पुरुषांना त्याने मताधिकार दिला, मालमत्तेची अट न घालता. खेड्यातला शेतकरी राजालाच कौल देईल, हा त्याचा हिशेब. पण कारखान्यातला कामगार समाजवाद्यांकडे वळला. 1878 मध्ये त्यांच्या संघटनांवर बंदी आली, तरी त्यांचा पाठिंबा संपला नाही. दंड पुरेना, तेव्हा बिस्मार्कने दाम काढला. 1883 मध्ये आजारपणाचा विमा, 1884 मध्ये अपघाताचा आणि 1889 मध्ये वार्धक्याचा व अपंगत्वाचा.

वार्धक्याच्या पेन्शनीला वयाची अट 70. निम्मी वर्गणी कामगाराची, निम्मी मालकाची, वर सरकारची वर्षाला 50 मार्कांची भर. रक्कम तुटपुंजी आणि सत्तरी गाठणारे थोडेच.

मग यात मोठे ते काय? त्या काळी गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर जगणाऱ्याला मत देता येत नसे. म्हातारपणी हात पसरला की मत गेलेच! विम्याची पेन्शन मात्र दान नव्हते, हक्क होता. ती घेणाऱ्याचे मत शाबूत राहिले. कामगार स्त्रियाही वर्गणी भरत, पण त्यांना मताधिकारासाठी 1918 उजाडावे लागले.

कामगार काही विकला गेला नाही. फेब्रुवारी 1890 च्या निवडणुकीत सर्वाधिक मते समाजवाद्यांनाच पडली. पुढच्याच महिन्यात तरुण कैसरने बिस्मार्कचा राजीनामा घेतला. गंमत अशी, की सत्तरीची रेघ आखणारा हा गृहस्थ पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरही खुर्ची सोडायला राजी नव्हता. 30 जुलै 1898 रोजी तो वारला.

पेन्शनीचे वय 65 वर आणण्याचे श्रेय अनेकजण त्यालाच देतात. प्रत्यक्षात ते 1916 मध्ये, त्याच्या मागे, झाले. आता 1964 पासून जन्मलेल्या जर्मनांसाठी ते 67 ठरले आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय 1998 मध्ये 58 चे 60 झाले. रेघ सरकतच राहणार. ती कुठे आखायची, हे विचारण्याचा अधिकार म्हाताऱ्या हातांतही उरतो, तो पेन्शन ही कुणाची मेहेरबानी नसते म्हणूनच.