वासराच्या गळ्यातला धागा

टाके आपोआप विरघळतील, काढायला येऊ नका, असं डॉक्टर म्हणाले की कळसाडीच्या माणसाची तालुक्याची एक चक्कर वाचते. या सोयीमागे जोसेफ लिस्टर नावाच्या इंग्रज सर्जनची मोठी धडपड आहे.

लिस्टरचा जन्म १८२७ चा, गाव अप्टन. वडिलांना सूक्ष्मदर्शकाचा नाद. पुढे ग्लासगोत त्याने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडणं आटोक्यात आणलं. पण एक दुखणं उरलंच. तेव्हा रक्तवाहिनी रेशमाने बांधून धाग्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवायचे. धागा परका, त्याच्याभोवती पू व्हायचा. कधी त्यातच रक्तस्राव होऊन पेशंट दगावायचा.

१८६८ च्या अखेरीस, सुट्टीत वडिलांच्या घरी, लिस्टरने एका वासराच्या गळ्यातली धमनी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या कॅटगटने बांधली. कॅटगट म्हणजे मेंढीच्या आतड्याचा धागा. मांजराचा काही संबंध नाही बरं का! महिन्याने वासरू मारून पाहिलं, तर पू नाही आणि धाग्याच्या जागी जिवंत ऊतींचा पट्टा. शरीराने धागा पचवून तिथे स्वतःचं विणकाम केलं होतं.

पण कॅटगट कधी फार लवकर विरघळायचा. तो टिकावा म्हणून लिस्टर पुढे अनेक वर्षं क्रोमिक ॲसिडचे प्रयोग करत राहिला. १९१२ मध्ये तो गेला.

आजचे पॉलिमरचे धागे शरीरातल्या पाण्यानेच हळूहळू तुटतात, पेशींना फार झुंजावं लागत नाही, म्हणून सूज कमी. कसोटी मात्र लिस्टरचीच: जखम भरण्याआधी धागा सुटू नये, भरल्यावर रेंगाळू नये.