भूचुंबकत्वाचे उपासक : नानाभाई मूस

न्हावा शेवा येथील बंदरात देशोदेशींची प्रचंड जहाजे येतात. दिशा दाखविणारी नवनवी साधने त्यांवर असतात. तरीही प्रत्येक मोठ्या जहाजावर जुने होकायंत्र असतेच. होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, असे आपण म्हणतो. परंतु बहुतेक ठिकाणी ती खऱ्या उत्तरेपासून थोडी पूर्वेस किंवा पश्चिमेस कललेली असते. हा कल स्थळोस्थळी निराळा असतो आणि वर्षांगणिक बदलत जातो. इतकेच नव्हे, तर एका दिवसातही सुई किंचित हलत असते. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याच्या बळात व दिशेत सतत फरक पडत असतो, हे त्याचे कारण होय.

हे फरक रात्रंदिवस टिपून त्यांचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था न्हावा शेव्यापासून जवळच, नवीन पनवेल येथे आहे. तिची परंपरा फार जुनी आहे. ती परंपरा एका कठीण प्रसंगी ज्यांनी तुटू दिली नाही, ते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होत.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी पृथ्वीवर एक विलक्षण चुंबकीय वादळ झाले. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की त्यातून निघालेले विद्युत्भारित कण पृथ्वीपर्यंत येऊन पोहोचतात आणि पृथ्वीचे चुंबकत्व विचलित करतात. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. यात वारा सुटत नाही, पाऊस पडत नाही. पण चुंबकसूची अस्वस्थ होते. १८५९ च्या त्या वादळाची नोंद मुंबईतील कुलाबा वेधशाळेत झाली. दीडशे वर्षांनंतरही जगातील शास्त्रज्ञ ती नोंद अभ्यासीत आहेत.

कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. आकाशातील ग्रहताऱ्यांचे वेध घेणे आणि अचूक वेळ ठरविणे, हे तिचे आरंभीचे काम होते. १८४१ साली तेथे चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली आणि १८४६ पासून ती अखंडपणे होऊ लागली. प्रथम निरीक्षक स्वतः उपकरणाजवळ जाऊन आकडे वाचीत आणि वहीत लिहून ठेवीत. पुढे १८७२ च्या सुमारास छायाचित्रणाची पद्धत आली. टांगलेल्या चुंबकाला एक लहान आरसा जोडलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण सावकाश फिरणाऱ्या छायाचित्रणाच्या कागदावर पडे. चुंबक हलला की आरसा हले, आरसा हलला की किरण सरके. अशा रीतीने कागदावर दिवसभराची वेडीवाकडी रेषा आपोआप उमटे.

नानाभाईंनी मुंबई विद्यापीठातून स्थापत्यशास्त्राची परीक्षा दिली आणि पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात जाऊन विज्ञानाची पदवी मिळविली. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या काळी अशा उच्च जागा इंग्रजांकडेच असत. हे पद मिळविणारे नानाभाई हे पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची भयंकर साथ उद्भवली. माणसे घरेदारे सोडून गावोगावी निघून गेली. तशा दिवसांतही कुलाब्याच्या नोंदी चालू राहिल्या. १८९८ साली भूकंपाचे धक्के टिपणारे यंत्रही वेधशाळेत बसविण्यात आले. पृथ्वीच्या पोटातील हालचालींचा अभ्यास तेथे होऊ लागला.

परंतु लवकरच निराळेच संकट समोर आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. आता त्या जागी विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरत होते. नगरवासीयांना तो मोठा लाभ होता. पण वेधशाळेला तो घातक होता. विजेचा प्रवाह जिथून वाहतो, तिथे त्याच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते. तारेतून ट्रामला मिळालेला प्रवाह रुळांवाटे परत जातो आणि त्यातील काही भाग जमिनीतही पसरतो. मग जवळच्या वेधशाळेतील सुई हलली, तर ती पृथ्वीमुळे हलली की रस्त्यावरील ट्राममुळे, हे कसे सांगावे? पन्नासांहून अधिक वर्षांच्या नोंदींची मालिका तेथेच खंडित होण्याची भीती होती.

ट्राम थांबविणे योग्य नव्हते. नोंदी थांबविणेही योग्य नव्हते. नानाभाईंनी तिसरा मार्ग शोधला. चुंबकीय वेधशाळाच दुसरीकडे न्यावी, असे ठरले. पण ती कोठे न्यावी? जागा शहरापासून पुरेशी दूर हवी, तिथे विजेची वाहने पोहोचण्याचा संभव नसावा. शिवाय ती फार दूरही नसावी. नाही तर जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ बसणे अवघड झाले असते. कुलाब्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रकाठी वसलेले अलिबाग या कसोटीस उतरले. त्या गावात कारखान्यांची धडधड नव्हती, रेल्वेही नव्हती.

आता इमारतीचा प्रश्न आला. आपल्या कोकणातील व सह्याद्रीतील काळ्या दगडात लोहयुक्त खनिजे असतात, त्यामुळे त्याच्या अंगी थोडे चुंबकत्व असते. तो दगड वापरला असता, तर भिंतींनीच सुईची दिशा बिघडविली असती. म्हणून चुंबकत्वाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड पारखून आणण्यात आला. लोखंडी खिळे, बिजागऱ्या आणि कड्या यांना तेथे थारा मिळाला नाही. त्यांच्या जागी तांब्यापितळेच्या वस्तू वापरल्या गेल्या. उष्णतेने उपकरणांत फरक पडू नये, म्हणून आतील तापमान दिवसभर जवळजवळ सारखे राहील अशी व्यवस्था करण्यात आली.

१९०४ साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. तरीही नानाभाईंनी कुलाब्याचे काम तत्काळ बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेवण्यात आली. एका जागेच्या आकड्यांत आणि दुसऱ्या जागेच्या आकड्यांत किती अंतर पडते, हे त्यामुळे नेमके समजले. जुन्या दोराला नवा दोर जोडताना दोन्ही टोके काही अंतर एकत्र पिळावी लागतात, तसेच हे होते. त्यानंतर १९०६ साली कुलाब्यातील चुंबकीय नोंदी थांबल्या आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. शहराला ट्राम मिळाली आणि विज्ञानाची मालिकाही अभंग राहिली. पुढे १९२५ साली मुंबईत विजेची रेल्वेगाडीही आली. वेधशाळा कुलाब्यासच राहिली असती, तर तिचे काय झाले असते, याची कल्पना सहज करता येते.

नोंदी जपणे हे अर्धेच काम होते. त्यांतून अर्थ काढणे हे उरलेले अर्धे. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची कुलाब्याची निरीक्षणे नानाभाईंनी तपासली, त्यांची वर्गवारी केली आणि १९१० साली ती दोन भागांच्या मोठ्या ग्रंथात प्रसिद्ध केली. साठ वर्षांत पाच लाखांहून अधिक तास भरतात! त्या काळी संगणक नव्हते. आकडेमोड माणसांनीच करावयाची होती. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. वादळाचा काही परिणाम ते सुरू होऊन किती तास झाले यावर अवलंबून असतो, तर काही परिणाम त्या ठिकाणी दिवसाचा कोणता प्रहर आहे यावर अवलंबून असतो. पुढील संशोधकांना या विचाराचा मोठा उपयोग झाला. एडिंबरो येथील रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले होते.

तेवीस वर्षे संचालकपद सांभाळून १९१९ साली नानाभाई निवृत्त झाले. १९३६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेला वृक्ष मात्र वाढतच राहिला. कुलाबा व अलिबाग येथील या कार्यातूनच १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था उभी राहिली आणि पुढे तिचे मुख्य केंद्र कुलाब्याहून नवीन पनवेलला आले. तिच्या वेधशाळा देशाच्या अनेक भागांत आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फावरही तिची निरीक्षणे चालतात. मोठ्या चुंबकीय वादळाने कृत्रिम उपग्रह, संदेशवहन आणि वीजपुरवठा यांना धोका पोहोचू शकतो, म्हणून या अभ्यासाचे मोल आज अधिकच वाढले आहे.

अलिबागच्या वेधशाळेत आजही चुंबकत्वाची नोंद होत असते. कालची नोंद आजच्या नोंदीला आणि आजची उद्याच्या नोंदीला जोडली जाते. एक दिवस चुकला, तर तो पुन्हा मिळवता येत नाही. मोठे शोध पुष्कळदा अशाच लहान, नित्याच्या आणि न चुकता केलेल्या कामावर उभे असतात. नानाभाई मूस यांचे जीवन हेच सांगते.